जिथे जबलपूरचा ट्रक थांबतो, तिथून ही स्कूटर निघते

कर्कवृत्त जबलपूरच्या जरासं उत्तरेकडून जातं. त्यामुळे जूनच्या भर दुपारी नेपियर टाउनच्या रस्त्यांवर माणसाची सावलीसुद्धा त्याच्या पायाशी येऊन बसते. जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की भंवरताल बागेत फिरायला येणारी मंडळी मफलर, कानटोप्या बाहेर काढतात. बर्फ इथे भेटतो तो उसाच्या रसात.

तरीही बर्फाशी इतकं घट्ट नातं असलेली शहरं देशात थोडीच असतील. ग्रेनेडियर्स आणि जम्मू अँड काश्मीर रायफल्स या दोन्ही रेजिमेंटची केंद्रं जबलपुरात आहेत. लष्कराचे ट्रक बनवणारी व्हेईकल फॅक्टरीही इथलीच. इथून निघालेली माणसं आणि गाड्या थेट लडाखपर्यंत जातात. पुढे रस्ता संपतो, हिमनदी सुरू होते, आणि तिथे एक वेगळंच वाहन कामाला येतं. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, वर स्कूटरसारखी बैठक आणि हँडल. आपलं लष्कर आणि गुलमर्गचे लोक तिला स्नो स्कूटर म्हणतात, कॅनडात ती स्की-डू आणि अलास्कात स्नो मशीन.

अनेकांना ती सहलीतली गंमत वाटते. पण तिची जन्मकथा, तिचं तंत्र आणि तिची गावं पाहिली की कळतं, जिथे रस्ता नाही तिथल्या माणसापर्यंत पोचायचं, हेच या यंत्राचं खरं काम. वाचा तिच्या या गोष्टी.

१. एका बापाचं दुःख

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए या मेकॅनिकला पोरवयापासून एकच ध्यास होता, बर्फावरून चालणारी गाडी. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यानं जुन्या फोर्ड गाडीचं इंजिन आणि पंखा जोडून पहिली बर्फगाडी पळवली होती. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हों आजारी पडला. अपेंडिक्स फुटून पोटात विष पसरलं होतं. दवाखाना दूरच्या शहरात, सगळे रस्ते बर्फाखाली, आणि बापाच्या गॅरेजमध्ये चालेल अशी एकही बर्फगाडी तयार नव्हती. मूल गेलं.

त्यानंतर तीनच वर्षांत, १९३७ मध्ये, दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचं पेटंट बोंबार्दिएच्या नावावर लागलं. सात माणसं बसतील अशी त्याची बंद बर्फगाडी विकली जाऊ लागली. पुढे बारा माणसांची गाडी आली. क्वेबेकच्या हिवाळ्यात या गाड्यांनी डॉक्टर नेले, टपाल नेलं, शाळेची मुलं नेली.

२. पहिली कसोटी एका धर्मगुरूच्या हाती

एकट्या माणसाला हाकता येईल अशी हलकी स्की-डू आली १९५९ साली. तिचा एक सुरुवातीचा नमुना बोंबार्दिएनं आपले मित्र फादर मोरीस विमे यांच्याकडे धाडला. ते उत्तर ओंटारिओतल्या लँड्सडाउन हाउस या आदिवासी वस्तीत राहत. एका झोपडीतून दुसरीकडे जायचं तर बर्फाचे बूट घालून पायपीट, नाहीतर कुत्र्यांची घसरगाडी. म्हणजे या यंत्राची पहिली कसोटी लागली ती शर्यतीच्या मैदानात नाही, आजाऱ्या-दुखण्याला धावून जाणाऱ्या माणसाच्या हाती. पहिल्या हंगामात सव्वादोनशेच्या आसपास गाड्या विकल्या गेल्या.

३. हिच्या पोटात कायनेटिक होंडा

स्नो स्कूटरला गिअर नसतात. इंजिनाला एक पुली, पट्ट्याला दुसरी, मध्ये रबरी बेल्ट. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीच्या दोन थाळ्या जवळ येतात, बेल्ट वर सरकतो आणि गाडी आपोआप वरच्या गिअरमध्ये गेल्यासारखी धावते. हे तंत्र भारतात घरोघरी पोचवलं ते पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक होंडानं, १९८० च्या दशकात. ती स्कूटर बनायची कुठे? मध्य प्रदेशातच, इंदूरजवळच्या पीथमपूरला. तेव्हा ज्यांनी कायनेटिक होंडा चालवली, त्यांना स्नो स्कूटरचं अर्धं मर्म आधीच ठाऊक आहे.

कॅनडा-अलास्कातला कुणीही शहाणा माणूस जादा बेल्ट घेतल्याशिवाय वस्तीबाहेर पडत नाही. बेल्ट तुटला की बॉनेट उघडायचं, संरक्षक जाळी काढायची, मागच्या पुलीच्या थाळ्या फाकवायच्या, नवा बेल्ट आधी पुढच्या आणि मग मागच्या पुलीवर चढवायचा. गॅरेजमध्ये पाच मिनिटांचं काम. उणे तीसमध्ये, वाऱ्यात, हातमोजे काढून करायचं तर बोटं साथ सोडतात. म्हणून हे काम आधी घरच्या अंगणात, डोळे मिटून जमेपर्यंत गिरवलेलं बरं.

४. अंगठ्यावर वेग, मनगटावर दोरी

आपल्या स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर मूठ पिळून चालतो. स्नो स्कूटरचा उजव्या अंगठ्यानं दाबायचा असतो. जाड हातमोज्यातून मूठ पिळणं अवघड. अंगठा मात्र दाबता येतो, आणि माणूस घसरला की दाब सुटून वेग आपोआप उतरतो. हँडलच्या मुठींत तापतार असते, चांगल्या गाड्यांत अंगठ्याच्या खटक्यालाही.

दुसरी खुबी म्हणजे एक छोटी दोरी. तिचं एक टोक गाडीच्या स्विचवर, दुसरं चालवणाऱ्याच्या जाकिटाला किंवा मनगटाला. तो खाली पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद. निर्जन बर्फात पडल्यावर गाडी एकटीच पुढे निघून जाण्यापेक्षा मोठं संकट नाही. जीव वाचवणारी सगळ्यात स्वस्त वस्तू कुठली, असं विचाराल तर ही दोरी.

५. बर्फात राहून इंजिन तापतं

पाण्यानं थंड होणाऱ्या बहुतेक स्नो स्कूटरना मोटारीसारखा पंख्यासमोरचा मोठा रेडिएटर नसतो. गरम पाणी सीटखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांतून खेळतं आणि फिरणारा पट्टा खालून त्यावर सतत भुसभुशीत बर्फ उडवत राहतो. तोच रेडिएटर. त्यामुळे ताज्या बर्फात इंजिन गार राहतं, पण गोठलेल्या तळ्याच्या गुळगुळीत कडक बर्फावर उडायला काहीच नसतं आणि इंजिनाचा काटा लालावर जातो. जाणकार अशा वेळी मुद्दाम कडेच्या मऊ बर्फात एक फेरी मारून येतात.

आणखी एक रोजची कटकट. रात्री गाडी उभी केली की पट्टा जमिनीला गोठून चिकटतो. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर पट्ट्याखाली ओंडके सरकवून ठेवतात.

६. माणूस रुततो, यंत्र तरतं

माणूस गुडघाभर रुतेल अशा बर्फावरून अडीचशे-तीनशे किलोंचं यंत्र वरच्या वर निघून जातं. वजन लांब-रुंद पट्ट्यावर आणि दोन स्कींवर पसरतं, त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरवरचा भार उभ्या माणसापेक्षा कमी पडतो. वेग ठेवला तर पाण्यावरूनही! अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रँट्सबर्गला १९७७ पासून भर उन्हाळ्यात तळ्यावर स्नो स्कूटरच्या शर्यती भरतात. वेग कमी झाला की गाडी थेट तळाशी. मग तराफे, साखळ्या आणि पाणबुडे.

७. पंचवीस गावं, जोडणारा रस्ता एकही नाही

कॅनडाचा नुनावुत प्रदेश महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट आहे. लोकसंख्या मात्र चाळीस हजारांच्या आसपास, आणि त्यांची २५ गावं. यातलं कुठलंही गाव दुसऱ्या गावाशी रस्त्यानं जोडलेलं नाही. विमान महाग, जहाज फक्त उन्हाळ्यात. उरतो गोठलेला समुद्र. सील आणि कॅरिबू हरणांच्या शिकारीला, मासेमारीला, पाहुण्यांकडे, सगळीकडे इथला मूळ रहिवासी, इनुइट माणूस, स्नो स्कूटरनं जातो. मागे लाकडाची लांब घसरगाडी बांधतात, तीवर सामान, पोरं, तंबू, पेट्रोलचे डबे. अलास्कातही गोठलेल्या नद्या म्हणजे हमरस्ते. एका गावातून दुसऱ्या गावाला बास्केटबॉलचा सामना पाहायला माणसं नदीवरून जातात.

या रस्त्याचा धोकाही मोठा आहे. समुद्रावरचा बर्फ आता उशिरा धरतो आणि लवकर सुटतो. बापजाद्यांच्या ज्या वाटा पिढ्यान् पिढ्या भरवशाच्या होत्या, त्या पातळ होत चालल्या आहेत. आपल्या लडाखमध्ये झंस्कारच्या गोठलेल्या नदीवरून, चादरीवरून, पायी जाणाऱ्यांना हाच अनुभव येतो: बर्फावर पाणी चढतं आणि वाट अडते.

८. कुत्र्यांना हरवलं, मग कुत्र्यांसाठी वाट पाडली

१९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. तेव्हा घसरगाडीच्या वीस चालकांनी आणि त्यांच्या कुत्र्यांनी आळीपाळीनं सुमारे हजार किलोमीटर धावत औषध पोचवलं. १९६० च्या दशकात स्नो मशीन आली आणि गावागावांतली कुत्र्यांची घरकुलं रिकामी पडू लागली. हे पाहून हळहळलेल्या जो रेडिंग्टननं १९७३ मध्ये नोमपर्यंतची इडिटारॉड ही कुत्र्यांची शर्यत उभी केली. आज त्या शर्यतीत कुत्र्यांच्या पुढे जाऊन बर्फातली वाट कोण पाडतं? स्नो मशीनवाले! त्यांची स्वतःची आयर्न डॉग ही शर्यत १९८४ पासून चालते. ती जगातली सर्वांत लांब स्नो स्कूटर शर्यत मानली जाते.

९. रेनडियरच्या कळपात इंजिन

फिनलंडच्या उत्तरेला राहणारे स्कोल्ट सामी लोक रेनडियर पाळतात. मानववंशशास्त्रज्ञ पेर्टी पेल्टो यांनी त्यांच्यात राहून १९७३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. विषय एकच: स्नो स्कूटर आल्यानं काय बदललं. दहा वर्षांच्या आत रेनडियरच्या घसरगाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या. दुकान, दवाखाना, नातलग जवळ आले. पण गाडी, पेट्रोल आणि दुरुस्ती यांना रोकड लागते. मोठा कळप असलेले टिकले, लहान कळपवाल्या घरांना हा धंदा परवडेना. पूर्वी माणसाच्या हाताखाली असलेले रेनडियर इंजिनाच्या आवाजाला बुजून रानटी झाले.

ट्रॅक्टर आल्यावर बैलबारदान्याचं काय झालं, हे ज्यांनी आपल्या गावात पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. यंत्र वाट उघडतं तेव्हा ती सगळ्यांना सारखी परवडेल याची काळजी समाजालाच घ्यावी लागते.

१०. विमा विकणारा उत्तर ध्रुवावर

राल्फ प्लेस्टेड अमेरिकेतल्या मिनेसोटाचे विमा व्यावसायिक. त्यांना स्नो स्कूटरचं भारी वेड. एवढी चांगली गाडी आहे तर उत्तर ध्रुवावर का जात नाहीस, असं एका डॉक्टर मित्रानं डिवचलं, आणि प्लेस्टेड खरंच निघाले. १९६७ चा प्रयत्न फसला. १९ एप्रिल १९६८ रोजी, ४३ दिवसांच्या प्रवासानंतर, चौघे जण ध्रुवावर पोचले. अमेरिकी हवाई दलाच्या विमानानं वरून जागा तपासून दुजोरा दिला. पृष्ठभागावरून ध्रुव गाठल्याचा निर्विवाद पुरावा असलेली ही पहिली मोहीम मानतात. चौघांत बोंबार्दिएचा पुतण्या जाँ-लूकही होता.

 

११. सियाचीन: जबलपूरची हद्द इथपर्यंत

आता आपल्या शहराची गोष्ट. १९५९ च्या सुमारास जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत जर्मन मान कंपनीच्या परवान्यानं शक्तिमान ट्रक बनू लागला. १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. तिनं शक्तिमानचं काम पुढे नेलं आणि जोंगा ही दणकट गाडी घडवली. पुढे स्टॅलियन आणि एलपीटीए ट्रक आले. लेहकडे चढणाऱ्या लष्करी ताफ्यांत या गाड्या वर्षानुवर्षं दिसत आल्या आहेत.

माणसांचंही तसंच. कारगिलचे परमवीर कॅप्टन विक्रम बात्रा कमिशन मिळाल्यावर, डिसेंबर १९९७ मध्ये, रेजिमेंटच्या प्रशिक्षणासाठी जबलपूरलाच आले होते. टायगर हिलचे परमवीर योगेंद्रसिंह यादव ग्रेनेडियर्सचे.

लेहहून नुब्रा खोऱ्यातून सियाचीनच्या बेस कॅम्पपर्यंत रस्ता आहे. उंची सुमारे १२,००० फूट. इथे ट्रक थांबतो. पुढे ७६ किलोमीटर लांबीची हिमनदी, आणि १३ एप्रिल १९८४ च्या ऑपरेशन मेघदूत या लष्करी मोहिमेपासून तिथे पहारा देणारे जवान. पुढची वाहतूक हेलिकॉप्टर, स्नो स्कूटर आणि पाठीवर ओझं घेऊन चालणारे नुब्राचे हमाल यांच्यावर. हवामान बिघडलं की हेलिकॉप्टर उडत नाही. मग रॉकेल, शिधा आणि कधी आजारी जवान घसरगाडीवर बांधून स्कूटर ओढते.

हे काम कॅनडापेक्षा कितीतरी कठीण. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्मा. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही. साध्या इंजिनाची ताकद निम्म्यावर येते. शिवाय बर्फाच्या पातळ झाकणाखाली दडलेल्या खोल भेगा. नुनावुतच्या शिकाऱ्याला सपाट समुद्र मिळतो; आपल्या जवानाला सरकणारी, फाटणारी नदी. स्नो स्कूटरचं याहून अवघड घर पृथ्वीवर शोधूनही सापडणार नाही.

१२. गोव्याहून दक्षिण ध्रुवाकडे

बर्फ आणि मराठी माणूस यांची गाठ घालून देणारं आणखी एक गाव म्हणजे गोव्यातलं वास्को. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला पोचली. ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्रही वास्कोच्या हेडलँड सड्यावर आहे. समोर नारळ आणि अरबी समुद्र, आत उणे तापमानाच्या खोल्यांत जपलेले अंटार्क्टिकाचे बर्फनमुने.

डिसेंबर १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या अदिती पंत होत्या. औंधच्या पंत घराण्यातल्या, राजदूत अप्पा पंतांच्या कन्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पोचलेल्या त्या पहिल्या महिला. त्याच मोहिमेत दक्षिण गंगोत्री हे ठाणं उभं राहिलं. पुढे ते बर्फाखाली गाडलं गेलं आणि काम मैत्री ठाण्यावर गेलं. मैत्री किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत. जड सामान पट्ट्यांच्या मोठ्या बर्फगाड्या ओढतात, आसपासच्या कामाला स्नो स्कूटर.

१३. जिथे माणसांपेक्षा स्कूटर जास्त

भारताचं उत्तरेकडचं ठाणं हिमाद्री १ जुलै २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर, न्यू-ओलेसुन्ड इथे आहे. स्वालबारमध्ये एका वस्तीतून दुसरीकडे जायला रस्ते नाहीत. लाँगइअरब्येन या मुख्य गावात माणसांपेक्षा स्नो स्कूटर जास्त आहेत, असं सांगतात. वस्तीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलाला पळवून लावण्याचं साधन जवळ बाळगणं तिथे कायद्यानंच बंधनकारक आहे.

१४. वनरक्षकाला मुखवटा

जिथे गरज म्हणून नव्हे, हौस म्हणून गर्दी झाली, तिथे चित्र बिघडलं. अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात इतक्या स्नो स्कूटर येऊ लागल्या की २००० च्या आसपास प्रवेशद्वारावरच्या रक्षकांना धुरापासून बचावासाठी मुखवटे घालावे लागले. बायसनांच्या कळपांतही कलकलाट. मग नियम आले: रोजची ठरावीक संख्या, कमी धूर आणि कमी आवाजाच्याच गाड्या. पेंच-कान्हाच्या जिप्सींवर मर्यादा का हवी, हे जबलपूरकरांना यावरून सहज पटेल.

१५. गुलमर्गला बसाल तेव्हा

सहलीला जाणारी मराठी मंडळी गुलमर्ग आणि हिमाचलच्या सोलंगला स्नो स्कूटरवर हमखास बसतात. जरूर बसा. पण हेल्मेट मागून घ्या, इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला आहे ना ते पाहा, आणि ओढणी, मफलरची टोकं आत खोचा. फिरणारा पट्टा मागेच असतो. गुलमर्गमध्येच लष्कराचं उंचावरच्या युद्धाचं विद्यालय १९४८ पासून जवानांना बर्फात जगायला शिकवतं, हेही लक्षात असू द्या.

सोलंगपासून जवळच अटल बोगदा आहे, ९.०२ किलोमीटरचा. ३ ऑक्टोबर २०२० ला तो सुरू होण्याआधी रोहतांग खिंड बंद झाली की लाहौल खोरं जवळजवळ सहा महिने जगापासून तुटायचं. आजाऱ्याला बाहेर काढायचं तर हेलिकॉप्टरची वाट पाहायची. कॅनडा-अलास्कातल्या गावांचं दुखणं आपल्या देशातही होतं, आहे. लाहौलला त्यावर बोगदा मिळाला. सगळीकडे बोगदा होणार नाही.

१६. पुढची गाडी विजेची

आता विजेवरच्या स्नो स्कूटर आल्या आहेत. धूर नाही, आवाज जवळजवळ नाही, उंचीवर ताकद घटत नाही. मोठी अडचण ही, कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते. पर्यटकांच्या छोट्या फेऱ्यांना त्या चालतात. पण इनुइट शिकारी किंवा सियाचीनचा जवान गाडी निवडताना आधी बघतो ती ठरल्या ठिकाणी पोचेल का आणि माणसाला घेऊन परत येईल का. विजेची गाडी ज्या दिवशी या प्रश्नाला छातीठोकपणे हो म्हणेल, त्या दिवशी उत्तरेची गावं तिला आपलं म्हणतील. आपल्या कारखान्यांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या तरुण अभियंत्यांनी हे आव्हान उचलावं. डोंगराळ सीमेवरची आपलीच माणसं त्याची वाट पाहत आहेत.